मुठीवरचा डोंगर

मी एकदा नदी डोंगरावर चढवली होती. कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी सांगता येईल.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. महिला बटालियनची कॉन्स्टेबल विमल भोयर, मुक्काम अल्लीपूर, तालुका हिंगणघाट. पोस्टिंग ईशान्येकडच्या एका डोंगराळ जिल्ह्यात. कंपनी नव्या जागी उतरली की पहिलं काम असतं सँड मॉडेलचं. जमिनीवर लाकडी चौकट मांडायची, ओली वाळू भरायची आणि नकाशात बघून आजूबाजूचा मुलूख तिच्यात उभा करायचा. डोंगर, नाले, वाटा, गावं, सगळं. पेट्रोलिंगला निघण्याआधी कंपनी कमांडर त्या मॉडेलसमोर उभे राहून छडीने ब्रीफिंग देतात. मॉडेल कोण करेल, असं साहेबांनी विचारलं आणि मी एक पाऊल पुढे झाले. नकाशा मी तोवर फक्त शाळेच्या भिंतीवर पाहिला होता. पण रांगोळीचा हात चांगला होता, आणि अंगात मस्ती होती.

नकाशावर समोच्च रेषा असतात, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. त्या दाट असल्या की तिथं उभा चढ असतो. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला त्या कपाशीच्या सऱ्यांसारख्या दिसल्या. आमच्या शेतात सऱ्या अशाच जवळजवळ जातात आणि शेत सपाट असतं. म्हणून जिथं रेषा दाट तिथं मी वाळू थापून सपाट केली, आणि जिथं कागद मोकळा दिसला तिथं डोंगर रचले. नदी नेमकी मोकळ्या जागेतून जात होती. ती मी बिनधास्त डोंगरावरून नेली. वर कपड्यांची नीळ भुरभुरवली. चौकटीला रांगोळीची वेल काढली. पेट्रोल पार्टीची वाट दाखवायला लक्ष्मीची पावलं काढली.

सकाळी सहाला फॉल-इन. साहेब मॉडेलसमोर आले आणि चौकटीभोवती एक फेरी मारली. मग छडी नदीवर टेकवली.

"ये नदी किधर जा रही है?"

"ऊपर, सर."

"तुम्हारे गाँव में पानी ऊपर जाता है?"

"मोटर लगाओ तो जाता है, सर."

अख्खी कंपनी सावधानमध्ये उभी राहून हसली. साहेबांनी तोंड दुसरीकडे वळवलं, पण खांदे हलताना मी पाहिले. शिक्षा व्हायची ती झालीच. वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन ग्राउंडला चकरा. शिवाय हुकूम झाला की हवालदार उईकेने या मुलीला नकाशा शिकवावा.

हवालदार शेवंता उईके कारंजा तालुक्यातल्या एका लहानशा गावची. घरी गोंडी, बाहेर वऱ्हाडी, ड्युटीवर हिंदी. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, उंचीने माझ्या खांद्याला. अख्ख्या बटालियनमध्ये आपल्या जिल्ह्याच्या आम्ही दोघीच, त्यामुळे ती मला हक्काने शिव्या द्यायची. माझ्या चकरा संपल्यावर ती मैदानाच्या कडेला येऊन बसली. मी रडत होते. म्हणजे घामच होता, पण तिला रडणं वाटलं आणि मीही वाटू दिलं. तिने माझी मूठ आवळून घेतली, खिशातला बॉलपेन काढला आणि बोटांच्या गाठींवर गोल रेषा काढल्या. सगळ्यात वर लहान गोल, त्याखाली मोठा, त्याखाली आणखी मोठा. हा डोंगर, म्हणाली. दोन गाठींच्या मधे रेषा जिथं आत घुसते, तिथून पाणी येतं. आता हात उघड. मी हात उघडला. डोंगर सपाट झाला, रेषा तेवढ्या राहिल्या. हाच नकाशा.

वर ती आणखी एक वाक्य बोलली. ते शेवटी सांगते. आताच सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

मी बारावी नापास होते. कोणत्या विषयात ते विचारू नका. बरं, भूगोलात. शेवंता बारावी पास. आमचा बेत ठरला तो कपडे धुताना. मी बारावी काढायची, मग दोघींनी बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरायचा, विषय भूगोल. रिटायर झाल्यावर मात्र खऱ्या कॉलेजात जाऊन एका बाकावर बसायचं. "पोरं आपल्याले मास्तरीण समजून उभे राहतीन," ती म्हणायची. त्यानंतर आमचं रूटीन बसलं. पाचला पीटी, सहाला फॉल-इन, ड्युटी, संध्याकाळी रोल कॉल, आणि मधल्या वेळात जिथं जागा मिळेल तिथं भूगोल. माझी मूठ कायम निळी असायची. पुढची सँड मॉडेल मीच केली. साहेब रोज विचारायचे, "मोटर बंद है ना?"

दुसऱ्या पावसाळ्यात तिथली नदी फुगली. सलग पाऊस चालू होता. सकाळी सातला ऑर्डर आली की नदीच्या वळणावरचं गाव रिकामं करायचं. शेवंता दहा जणींचं एक सेक्शन घेऊन झुलत्या पुलावरून पलीकडे गेली. मी कंट्रोलवर, वायरलेस सेटसमोर, शेजारी नकाशा आणि साहेब. गावकऱ्यांना शाळेत जायचं होतं, शाळा टेकाडावर होती. शेवंताने सेटवर विचारलं की शाळेत न्यायचं का.

मी नकाशा पाहिला. मग पेन काढून मुठीवर रेषा काढल्या. शाळेचं टेकाड म्हणजे एकटा बंद गोल होता, पाणी चहूबाजूंनी येणार. गावामागची सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरलेली धार, मात्र वर मोठ्या डोंगराला जाऊन मिळत होती.

"सर, शाळा नको. सोंडेवरून वर," मी म्हणाले, तेही मराठीतच, आणि बोट नकाशातल्या सोंडेवर ठेवलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मोटर आठवली असणार.

"कन्फर्म?"

"कन्फर्म, सर."

नऊच्या सुमाराला गाव सोंडेवर होतं. थोड्याच वेळात शाळेच्या खिडक्यांना पाणी लागलं. सेट खरखरला. चार्ली टू म्हणजे शेवंता.

"कंट्रोल, चार्ली टू. गाँव ऊपर पहुँच गया. ओव्हर."

"रॉजर, चार्ली टू. ओव्हर."

मग तिने सेटवर जे चालत नाही ते केलं, वऱ्हाडीत बोलली. "विमल, तुही नदी खरंच चढून राह्यली वं. ओव्हर."

"पाहून राह्यली. तू वरच थांब. ओव्हर."

"खालच्या घरी एक बुढी राह्यली. तिले घेऊन येतो. ओव्हर."

त्यानंतर चार्ली टू बोललं नाही. म्हातारीला तिने वरच्या जवानांच्या हातात दिलं, आणि शेवंताच्या पायाखालचा काठ सुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खालच्या अंगाला सापडली. त्या गावातला एकही माणूस गेला नाही. आमची एक गेली.

नकाशे मी पुढेही वाचले. ती ड्युटी होती. बारावीची पुस्तकं मात्र ट्रंकेच्या तळाशी गेली. मी सब-इन्स्पेक्टर होऊन रिटायर झाले, अल्लीपूरला आले, आणि गावात मॅडम म्हणून मिरवू लागले.

एके दिवशी माझ्या नऊ वर्षांच्या नातीने, स्वराने, जेवताना विचारलं, "आजी, तू किती शिकली?"

"बारावी."

"पास?"

मी तिच्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हिंगणघाट गाठलं आणि बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. परतीच्या बसमध्ये मी शिट्टी वाजवत होते. कंडक्टरने दोनदा मागे वळून पाहिलं.

ते वर्ष म्हणजे पुन्हा ट्रेनिंग सेंटर. पाचला उठणं, पाढे म्हटल्यासारखं अर्थशास्त्र, आणि आठवड्यातून तीन दिवस हिंगणघाटला ढगे मॅडमची शिकवणी. मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या आणि मी सवयीने टाच आपटून उभी राहिले, "जय हिंद, मॅडम!" घाबरून सगळी पोरं उभी राहिली. मॅडमही दारातच थांबल्या. तेव्हापासून बॅच मला 'आजी साहेब' म्हणू लागली. माझे निबंध रिपोर्टसारखे यायचे. 'माझा आवडता ऋतू' मी चार ओळींत संपवला, आता आणखी काय सांगायचं? आमचे घरचे, म्हणजे स्वराचे आजोबा, चहा स्वतः करून घ्यायला शिकले आणि गावभर सांगत सुटले, "फौजेत होती तं सुट्टी संपली का जात होती. आता घरीच परेड चालू हाय." पण माझ्या इंग्रजीच्या कविता तेच धरून बसायचे आणि चुकले की खुशीत टाळी वाजवायचे. मला तर इतकी मजा येत होती की रात्री झोपताना सकाळची घाई व्हायची.

भूगोलाच्या पेपरला मी सगळ्यात आधी सेंटरवर पोहोचले. पेपर सोपा होता. तिसऱ्या पानावर समोच्च रेषांची आकृती आणि प्रश्न होता की सोंड कोणती, दरी कोणती, नदी कुठून कुठे वाहते. उत्तर मला येत होतं. पण रेषांकडे पाहिलं आणि त्या हलायला लागल्या, आधी सऱ्या, मग पाणी. कितीतरी वर्षांनी माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नाही. हाताने मात्र परवानगी विचारली नाही. त्याने मूठ आवळली आणि आकृतीकडे बघत गाठींवर रेषा काढायला सुरुवात केली.

आता परीक्षेच्या हॉलमध्ये हातावर लिहू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं ते भरारी पथक आत आल्यावर.

पथकाच्या प्रमुख एक उंच बाई होत्या. सरळ माझ्या बाकापाशी आल्या. "हात दाखवा."

मी दाखवला.

"हे काय आहे?"

"डोंगर, मॅडम."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी उत्तरपत्रिका उचलली. शांतपणे म्हणाल्या की वय बघून नियम बदलत नाही, कॉपीची केस झाली तर पूर्ण परीक्षा जाते. त्यांचं बरोबर होतं. मीही गार्डवर असते तर हेच केलं असतं. परीक्षा गेली तर गेली, पण स्वराला आता 'पास?' याचं काय उत्तर द्यायचं?

मी उभी राहिले. सावधान. "मॅडम, एक रिक्वेस्ट. हात धुऊन येते. तुमच्यासमोर पुन्हा काढते. प्रश्नपत्रिकेत नसलेली एक रेषा निघाली तर केस करा."

त्या पर्यवेक्षकांना म्हणाल्या, "यांना पाणी द्या."

साबण नव्हता. पंजा लाल होईपर्यंत घासला. परत येऊन बसले, मूठ आवळली आणि आकृती बघत काढत गेले. वर लहान गोल, खाली मोठा, त्याखाली आणखी मोठा. दोन गाठींच्या मधे रेषा आत घुसवली. बाईंनी प्रश्नपत्रिका माझ्या हाताशेजारी धरली आणि एकेक रेषा जुळवून पाहिली. मग मी हात उघडला. त्यांनी उघड्या हाताकडे पाहिलं, आकृतीकडे पाहिलं, आणि उत्तरपत्रिका बाकावर ठेवली.

"गेलेला वेळ परत मिळणार नाही. लिहा."

लिहिलं. कव्हरिंग फायर चालू असताना धावावं तसं लिहिलं. शेवटचं वाक्य आणि घंटा एकाच वेळी झाली.

बाहेर नळापाशी त्या बाई पुन्हा भेटल्या. हे कोणी शिकवलं, त्यांनी विचारलं.

"हवालदार शेवंता उईके."

"आता कुठे असतात?"

"नाहीत, मॅडम. ड्युटीवर गेल्या."

जाताना त्यांनी चालता चालता आपली मूठ आवळून पाहिलेली मला दिसली.

मी पास झाले. भूगोलात किती मार्क पडले ते विचारा आता, विचारा की! नाही, सांगत नाही, गर्वाचं घर खाली असतं. स्वराने गल्लीत ओरडून सांगितलं. आमच्या घरच्यांनी पेढे आणले आणि निम्मे स्वतःच खाल्ले. उरलेले घेऊन मी कारंज्याच्या बसमध्ये बसले. शेवंताच्या भावाच्या घरी तिचा युनिफॉर्ममधला फोटो आहे, टोपी जराशी तिरकी. तिला साहेबांनी त्या तिरक्या टोपीसाठी कितीदा टोकलं होतं. बटालियनच्या स्मारकशिळेवर तिचं नाव आहे, दरवर्षी तिथं ते मोठ्याने वाचलं जातं. मी त्या फोटोसमोर ते तसंच मोठ्याने घेतलं, नंबर आणि रँकसकट, आणि पेढा ठेवला.

आता मी हिंगणघाटच्या कॉलेजात बी.ए. प्रथम वर्षाला आहे. पहिल्या दिवशी पोरं मला मास्तरीण समजून खरंच उभी राहिली. कॉलेज सुटल्यावर कधी कधी वेणा नदीच्या पुलावर जाऊन थांबते. वेणा खालच्या दिशेनेच वाहते. तरी मी एकदा बघून खात्री करते.

त्या दिवशी मैदानाच्या कडेला, माझी निळी मूठ हातात धरून, शेवंता म्हणाली होती, "रडून काऊन राह्यली? नदीच तं चढवली ना? शीक, मंग उतरवजो तिले."