काटा साठवर

समोर मी नवऱ्याला अहो म्हणते. इथे तो म्हणणार आहे. ही वही तो वाचणार नाही. वाचायला त्याला एकच गोष्ट आवडते, त्याच्या मोटारसायकलचा मीटर. गाडी जुनी घेतलेली, सीट दोन जागी फाटलेली, पण मीटरची काच तो रोज सकाळी वाफ सोडून रुमालाने पुसतो. मग चहा पितो. मग घड्याळात सात चाळीस झाले की उठतो. एकोणचाळीसला नाही.

दापोड्याच्या गोडाऊनमध्ये मी दोन वर्षं आहे. आधी बॉक्सवर टेप मारायचे. दिवाळीनंतर मला स्कॅनर दिला. माल आला की बारकोडवर धरायचा, बीप वाजला की बॉक्स पुढे ढकलायचा. हे काम मला आवडतं. कोणाशी बोलावं लागत नाही आणि चूक झाली तर मशीन सांगतं, माणूस ओरडत नाही. हे काम मला कोणी काढून घेतलेलं नको होतं, बाकी काही नाही.

आमच्याकडे आत जाताना मशीनवर बोट ठेवायचं असतं. आठच्या आत ठेवलं तर हिरवं, आठ वाजले की लाल. महिन्यात तीन लाल झाले की स्कॅनर दुसऱ्या बाईला. सासूने त्याच्याही पुढचं ठरवून ठेवलं होतं. येळेवर पोचता येत न्हाय तर घरात बस.

आमच्या शेलार गावाहून मला सोडायला नवरा येतो. तो पूर्ण्याला फोर्कलिफ्ट चालवतो, त्याची ड्युटी साडेआठला, म्हणून त्याला घाई नाही. मी पाच मिनिटं आधी निघू म्हटलं की तो बोटांवर हिशोब सांगायचा. गावातून आणि शहरातून बारा मिनिटं. हायवेचे सहा किलोमीटर, साठच्या स्पीडने सहा मिनिटं. सात अठ्ठावन्नला गेट. गेटपासून मशीनपर्यंत दीड मिनिट. अर्धं मिनिट शिल्लक. साठच्या वर तो नेत नाही, ॲव्हरेज मरतो म्हणतो.

तरी गेटपासून धावत गेले तरच हिरवं व्हायचं. चालत गेले की लाल झालं. एकदा, मग दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा आठ वाजून काही सेकंद. सुपरवायझर म्हणाला, "भाभी, दो हो गए. तीसरा हुआ तो मैं कुछ नहीं कर सकता."

संध्याकाळी घरी सांगितलं तर नवऱ्याने सासूसमोर मलाच विचारलं, "गेटवर कोनाशी बोलत बसतेस?"

मी आयुष्यात गेटवर कोणाशी बोललेली नाही.

"काटा साठवर हाय, मी सोता बघतो," तो म्हणाला. "गाडी येळेवर पोचते. तू पोचत न्हायस."

सासू भाकरी थापता थापता म्हणाली, "पाय घासत चालते ती. पयल्यापासनं."

त्या रात्री मी जेवले नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. पण तासाला साठ म्हणजे मिनिटाला एक, एवढं चौथीतही येतं. हायवेच्या कडेला दर किलोमीटरला पिवळ्या डोक्याचा दगड आहे. काटा साठवर असेल तर एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत साठ सेकंद लागले पाहिजेत. मी एका बाजूला पाय सोडून बसते आणि उजव्या हाताने त्याचा खांदा धरते. दुसऱ्या दिवशी घड्याळ डाव्या हातातून उजव्या हातात बांधलं. म्हणजे ते बरोबर माझ्या डोळ्यांसमोर, त्याच्या खांद्यावर. त्याने विचारलं नाही का बांधलं.

त्याच्या मानेच्या बाजूने मीटर दिसतो. काटा साठवर आला, दगड गेला, मी मोजायला लागले. सदुसष्ट.

वाटलं मोजायला चुकले. पुढच्या दगडाला पुन्हा. सदुसष्ट. दुसऱ्या दिवशी एकदा अडुसष्ट, दोनदा सदुसष्ट. मध्ये ट्रक आडवा आला तर तो आकडा धरला नाही. आठ दिवस मोजलं. गोडाऊनमध्ये वाया गेलेल्या स्टिकरच्या पट्ट्या असतात, त्यांच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं. मग जेवणाच्या सुट्टीत भागाकार मांडला. छत्तीसशे भागिले सदुसष्ट. भाग त्रेपन्न, बाकी एकोणपन्नास. दोनदा ताळा केला. काटा साठ दाखवत होता आणि आम्ही चोपन्नसुद्धा नीट जात नव्हतो.

दगडामागे सात सेकंद, सहा दगडांचे बेचाळीस. त्याच्या शिलकी अर्ध्या मिनिटातून बेचाळीस गेले की, धावले नाही तर, मी बारा सेकंदांनी उशिरा. बारा सेकंदांसाठी मी पाय घासणारी, गप्पा मारणारी. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

रविवारी बाजारातून येताना तो ऑइल बदलायला नाक्यावरच्या गॅरेजला थांबला. मेकॅनिक भाई ओळखीचा. मी गाडीच्या बाजूला पिशवी धरून उभी होते. परक्या माणसाशी मी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले.

"भाई, ये काटा बराबर दिखाता है क्या?"

नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं पिशवीच बोलली.

मेकॅनिक हसला. "भाभी, किसी का बराबर नहीं दिखाता. कंपनी से ही ज्यादा आता है. कम दिखाया तो पब्लिक साठ समझ के सत्तर भगाएगी, गिरेगी, और नाम कंपनी का आएगा."

"आपली बरोबर हाय," नवरा म्हणाला.

"चलो, देख लेते हैं." मेकॅनिकने मोबाईलवर स्पीड दाखवणारं काहीतरी लावलं आणि नवऱ्याच्या मागे बसला. दहा मिनिटांनी परत आले. नवरा उतरलाच नाही. मेकॅनिक उतरला. "इधर साठ, मोबाईल में चौवन. सेठ, इतने दिन भाभी को साठ बोल के चौवन पे घुमाया?"

नवरा म्हणाला, "मोबाईलला काय घंटा कळतंय."

घरी आल्यावर तो सासूला सांगायला लागला की त्या मेकॅनिकला काम येत नाही. सासू म्हणाली, "गाडीचा काटा कशाला खोटा दावंल? कंपनीनं बसवलाय तो."

"कंपनीनंच जास्त दाखवायला बसवलाय," मी म्हटलं, आणि स्टिकरच्या पट्ट्या त्याच्यासमोर ठेवल्या.

त्याने सगळ्या वाचल्या. चूक शोधत होता. भागाकार बोटाने तपासला. मग वर बघून म्हणाला, "रोज माज्या मागं बसून मोजत व्हतीस?"

"हो."

"चोरासारखी."

"दगड रस्त्यावरच हायत. तुम्ही पन मोजा."

सासूने हातातलं ताट खाली ठेवलं. या घरात मी एवढं कधी बोलले नव्हते.

"लवकर निघायचं तर तोंडानं सांगायचं व्हतं," तो म्हणाला.

"चार वेळा सांगितलं. तुम्ही बोटं मोजून दाखवलीत."

उशीर का होत होता हे बाजूलाच राहिलं. मी मोजलं, हाच गुन्हा. "मंग जा तुजी तू," म्हणाला. "माज्या गाडीवर बसू नको."

सासूला बरं वाटलं. "सकाळी तिसरं लाल होऊ दे. आपोआप बसंल घरात."

सोमवारी मी सातलाच निघाले. शेअर रिक्षाला हात दाखवायची मला लाज वाटते. दोन रिक्षा तशाच गेल्या. तिसरीला हात केला. अंजूरफाट्याला बदलावी लागली, तिथे दोनदा विचारावं लागलं, दोन्ही वेळा अनोळखी माणसांना. सात एकावन्नला मशीनवर बोट ठेवलं. हिरवं. स्कॅनर माझ्याकडेच राहिला.

आता महिना झाला. मी सातला निघते, तो चाळीस मिनिटांनी एकटाच. काटा चुकीचा आहे असं त्याने अजून म्हटलेलं नाही. माफी तर लांबच. सकाळचा चहा त्याला स्वतः करावा लागतो. साखरेचा डबा मी वरच्या फळीवर, डाळींच्या मागे हलवला आहे. तो बिनसाखरेचा पितो, पण विचारत नाही. मीही सांगितलेलं नाही.