मान वर करून बघणारा साप

आमचं मालक, बन्सी, घोडेगावच्या बाजारात चाळीस वर्सं जनावरांची दलाली करत हुतं. बैल चार पावलं चालला की त्याची खोड वळखायचं. पर दलालाची रीत अशी, की घेनाऱ्यानं इचारलं तरच खोड सांगायची, आपनहून तोंड उघडायचं न्हाई. इचारल्यावर मात्र बन्सी दलाल खोटं बोलला, असं उभ्या बाजारात कुनी म्हनलं न्हाई. तेवढ्यावर मान ताठ ठिवून जगलं बिचारं.

मग गुडघं गेलं, बाजार सुटला. आमाला मूलबाळ न्हाई. नगरला त्यांच्या भाच्याच्या, ज्ञानेश्वरच्या शेडवर येऊन पडलो. हा गडी साप पाळतो आन इकतो! कॉर्न स्नेक म्हनं, परदेशी, बिनविषारी. पैल्या दिशी म्या म्हनलं, "आगं बया, हितं घास कसा उतरायचा?" आता त्यांचं डबं म्याच धुते. नशीब, दुसरं काय!

मालकांना मात्र नाद लागला. अंगात काळं न्हाईच, लालभडक, डोळंबी लाल, तो ॲमेल. लाल न्हाई, नुसता करडा, तो ॲनेरी. दोन्ही न्हाई, पांढरा-गुलाबी, तो स्नो. भाच्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं न्हाई. पिल्लू हातावर घ्यायचं, कण्यावरनं हलकंच अंगठा फिरवायचं आन म्हनायचं, "शेपटीपाशी कना मोडलाय, बाजूला ठेव."

एका जोडीची काही पिल्लं मान वाकडी करून नुसती वर बघायची, सरपटता सरपटता उताणी पडायची, घास धरताना चुकायची. मालक म्हनलं, "ही खोड रक्तातली हाय. ह्या जोडीची वीण बंद कर." भाचा म्हनला, "मामा, त्याच रंगाला गिऱ्हाईक हाय. तुमी नुसतं रंग बघा." मालकांनी पिल्लं परत डब्यात ठिवली. छप्पर त्याचं, ताट त्याचं.

दिवाळीत श्रीगोंद्याची धनश्री आली, अकरावीतली, बापासंगं. तिनं नेमकं त्यातलंच एक उचललं. "अय्या, कसा मान वर करून माझ्याकडंच बघतोय!" मालकांनी माझ्याकडं बघितलं. पोरीनं काय इचारलं न्हाई. इचारायचं असतं, हे त्या लेकराला काय ठावं? मालकांनी रीत पाळली आन पिल्लू इकलं गेलं. त्या दिशी ते जेवलं न्हाईत.

जानेवारीत पोरगी एकटीच आली. डब्यात पिल्लू मेलेलं. म्हनली, "त्याचा खाण्यावर नेमच लागत नव्हता. मी रोज चिमट्यानं घास तोंडाशी धरायचे."

ज्ञानेश्वर तिच्याकडं न बघताच म्हनला, "थंडी लागली असणार. हीटर नीट ठेवला नसशील."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती मालकांकडं वळली. "आजोबा, तुम्हाला यातलं कळतं ना? त्याच्यात आधीपासून काही दोष होता का? खरं सांगा. माझ्यामुळं मेला का तो?"

इचारलं की वो तिनं! सरळ सरळ इचारलं. मालकांच्या व्हटावर आलं हुतं, म्या बघितलं. आन म्या काय केलं? भाच्याच्या पाठीमागनं मालकांवर डोळं वटारलं. ह्या वयात आमी कुठं जायचं हुतं? सांगा की! पर तोंड जळो माझं, त्या पोरीचा त्यात काय गुन्हा?

मालकांनी पोरीच्या डब्याचं झाकन लावलं. मग खाली बघत म्हनलं, "थंडीच लागली आसंल, पोरी."

"मीच कमी पडले," म्हनून तिनं डोळं पुसलं. डबा उचलला. जाताना वाकून आमच्या दोघांच्या पाया पडली, आन म्या पाय मागं घेतलं न्हाईत.