अठरा फॉर्म, सगळे शून्य

"तुझे अठराच्या अठरा फॉर्म शून्य आहेत. घरी बसून भरलेस का?"

ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी शहाद्याजवळ ब्राह्मणपुरीत सरूमावशींच्या ओसरीवर बसले होते. टॅब मांडीवर. "नाही मॅडम," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत कारण सांग. नाहीतर मला तुला कामावरून थांबवावं लागेल."

आमचं काम म्हणजे एका अभ्यासासाठी घरोघरी माहिती घेणं. पाळी जायच्या वयात बाईच्या अंगातून एकदम गरम वाफ उठते, घाम फुटतो, थोड्या वेळाने उतरते. याला ऑफिसात हॉट फ्लॅश म्हणतात. त्यापायी बाईचं रोजचं जगणं किती बिघडतं, ते आम्ही मोजतो. काम, झोप, चिडचिड, चारचौघांत जाणं, नवऱ्याशी जवळीक. प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे पार हैराण. हे स्केल. सगळीकडे एकच आकडा आला की टॅब ऑफिसला आपोआप कळवतो.

मी नववीत शाळा सोडलेली. कुडाळकडची. काजू फॅक्टरीत होते, मग नवऱ्याच्या कामामुळे शहाद्याला आले. इथे ओळखीचं कोणी नाही, कानावर पडणारी बोलीही नवी. ऑफिसला बारावी पास हवी होती. मॅडमनी मला बायकांशी बोलताना ऐकलं आणि म्हणाल्या, "हिला घ्या." ते उपकार मी विसरत नाही.

फोन ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला. "मावशी, त्यापायी काम थांबतं का?"

"शून्य लिखी टाक, बेटा. काम कसं थांबी? मंग ते कोन करी?"

एकोणिसावा फॉर्मही शून्याचाच होणार. मी टॅबवर बोट ठेवणार, तेवढ्यात मावशींनी अंगावरची शाल फेकली. हिवाळ्याची सकाळ, मला स्वेटरातही थंडी वाजत होती. त्यांचा चेहरा लाल झाला, कपाळ घामाने भिजलं. त्या कोपऱ्यात गेल्या आणि तांब्याच्या गार हंड्याला गाल लावून उभ्या राहिल्या. डोळे मिटून.

माझी आई अशीच उभी राहायची. न्हाणीत, हंड्याला एक गाल, मग दुसरा. चुलीवर पेज उतू जायची आणि आम्ही भावंडं हसायचो. मी एकदा म्हटलंही होतं, आई हंड्याचे मुके घेते. आता कोणी मला त्या न्हाणीच्या दारात नेऊन सोडलं असतं, तर मी तिला वारा घातला असता.

"मावशी, हे काय?"

"हाई? हाई ते रोजनंच शे. कोन मोजस?"

तेव्हा माझी चूक माझ्यासमोर आली. फॉर्मवर शब्द होता 'व्यत्यय'. मला तो माहीत नव्हता. ट्रेनिंगमध्ये विचारायची लाज वाटली. मी मनाने अर्थ लावला, पार थांबणं. आणि काम काय, झोप काय, कोणाचंच काही पार थांबत नव्हतं.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. "काम होतं, पण करताना किती जड जातं? दहा बोटांतली दाखवा."

मावशींनी सात बोटं उघडली. झोपेला दोन्ही पंजे. नवऱ्याशी जवळीक विचारली तर पदर तोंडाला लावून हसल्या. "त्याले म्हन, पहिले पंखानी हवा तं येवू दे!"

संध्याकाळची वाट न बघता मॅडमना फोन लावला. खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "ट्रेनिंगला का नाही विचारलंस?"

"नववी शिकलेली मी, मॅडम. वाटलं, हिला एवढंही येत नाही म्हणून काढतील."

"अगं, विचारलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं, शब्द आम्हीच चुकीचा घेतलाय. आता अठराही घरं परत कर."

अठराही घरं परत केली. एकही फॉर्म शून्याचा राहिला नाही. नव्या फॉर्मवर 'किती जड जातं' असं छापून आलं. तेव्हापासून मला न कळलेला शब्द असलेला प्रश्न मी कोणाला तसाच विचारत नाही. आधी मॅडमना अर्थ विचारते.

अठरावं घर झालं त्या दिवशी शहाद्याच्या स्टँडवरून आईला फोन केला. सगळे प्रश्न विचारले.

"माका काय झाला नाय गो. शून्य लिही. झाला असता तर कामां कोणी केली असती?"

मी म्हटलं, "आये, तांब्याचो हंडो अजून न्हाणीतच आसा मा?"

बस लागली, भरली.

"तुका आठवता तां?" ती म्हणाली.

आईचा फॉर्म मात्र भरता आला नाही. अभ्यास फक्त नंदुरबार जिल्ह्यापुरता आहे.