दुसऱ्या स्लॉटची तपासणी

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही, याची आमच्या बेलवलीच्या बिल्डिंगमध्ये बरीच चर्चा झाली. "मोकळी हो गं," म्हणत बायका पाठीवरून हात फिरवायच्या आणि मला त्या हातांचा राग यायचा. मोकळं व्हायला आत काहीतरी साठलेलं लागतं. मला आत काहीच जाणवत नव्हतं. दहाव्याला गावच्या काकूने आईचं कुंकू पुसलं, तेव्हा मी तिच्याशी कडाकडा भांडले. पण तेही सवयीने. शेवटी आईच म्हणाली, "असू दे, जाऊ दे." मग मी कामावर रुजू झाले. लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवरून सुधारून देणं हे माझं काम. दिवसभर शांत आवाजात "बंद करून परत चालू करा" सांगत होते. तू छान सावरलीस, असं साहेब म्हणाले.

आईचं मागणं एकच होतं, फोटो. घाईघाईत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. त्यात बाबा पकडून आणल्यासारखे दिसतात. "हे असे कधी नव्हतेच," आई म्हणायची आणि त्या भिंतीकडे पाठ करून जेवायची. तिला हवा होता कारखान्यातला फोटो. बाबा अंबरनाथला लेथ चालवणारे टर्नर होते. नोकरीतल्या शेवटच्या खंडेनवमीला कोणीतरी काढलेला तो फोटो. लेथला झेंडूचा हार, शेजारी बाबा, आणि कुंकवाने माखलेला त्यांचा हात लेथवर टेकलेला. ज्याने काढला त्याचा फोन कधीच बाद झाला होता. आता तो फोटो फक्त घरच्या डेस्कटॉपवर होता.

त्या डेस्कटॉपला बाबा 'मशीन'च म्हणायचे. निवृत्त झाल्यावर दर खंडेनवमीला त्याची पूजा. बाकीचे लोक मॉनिटरला हार घालून मोकळे होतात. बाबा स्क्रू काढून कॅबिनेटची बाजू उघडायचे. "झाकणाला काय कुंकू लावायचं? काम आतला करतोय," हे त्यांचं म्हणणं. शॉर्टसर्किट होईल म्हणून मी ओरडायचे. मग ते माझं मन राखायला आतल्या पत्र्यावर बोट टेकवायचे आणि माझी पाठ वळली की वरून हळूच हळदकुंकू, अक्षता वाहायचे. पत्र्यावरचं ते बोट कधीच मधोमध लागत नसे, डावीकडे सरकायचं. "जन्मभर सुताइतका फरक चालला नाही म्हणे, आणि कुंकू बघा कुठे लावलंय!" हे आईचं दरवर्षीचं वाक्य.

गेल्या खंडेनवमीलाही हे सगळं झालं. पुढे दिवाळीत, मशीन हळू चालतंय अशी त्यांची तक्रार म्हणून, मी रॅमची आणखी एक पट्टी आणून रिकाम्या खाचेत, म्हणजे दुसऱ्या स्लॉटमध्ये, बसवली. त्यानंतर मधूनच स्क्रीन निळी व्हायला लागली. पण तोवर हॉस्पिटलच्या चकरा सुरू झाल्या होत्या. स्क्रीनकडे कोण बघतंय?

आईने मागितला म्हणून मी तो फोटो पेनड्राइव्हवर घेतला आणि स्टेशनजवळच्या स्टुडिओत दिला. त्याने उघडून दाखवला. वर बाबांचा चेहरा, आणि छातीपासून खाली नुसता करडा पट्टा. हात नाही, लेथ नाही. "ताई, फाइलच खराब आहे," तो म्हणाला.

"मिळेल ना पण?" आईने घरी विचारलं.

"बघते," मी म्हणाले. अगदी ऑफिसातल्या आवाजात.

निळी स्क्रीन आणि अर्धा फोटो म्हटल्यावर संशय रॅमवर जातो. कॉपी करताना फाइल रॅममधून जाते. रॅम चुकत असेल तर मूळ फाइल धड असूनही कॉपी बिघडते. पण मूळ फोटो तरी धड आहे का? तो मी उघडून बघितला नाही. बिघडलेल्या मशीनवर त्याला हात लावायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. मी रविवारी पेनड्राइव्हवरून रॅम तपासायचा प्रोग्राम लावला. थोड्याच वेळात स्क्रीनवर लाल ओळी उतरायला लागल्या. एकेक ओळ म्हणजे एकेक चूक. मी दिवाळीतली पट्टी काढली आणि जिथून घेतली होती त्या उल्हासनगरच्या दुकानात गेले.

कॅम्प दोनमधल्या त्या सिंधी दुकानदाराने पट्टी माझ्यासमोर आपल्या मशीनला लावली, तोच प्रोग्राम चालवला. एकही लाल ओळ नाही.

"ताई, माल तो एकदम ओके है."

"ओके कसा? माझ्याकडे एरर येतोय ना!"

"तो आपला मदरबोर्ड चेक करा ना. माझ्यावर कशाला चिडता?"

मी भांडले. तो बरोबर बोलतोय हे कळत असूनही भांडले, इतकी की शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. त्याने आवाज खाली केला. "घर में कुछ हुआ है क्या, ताई?" मी पट्टी उचलली आणि रिक्षा पकडली.

मग घरी, ऑफिसात लोकांना सांगते तसं, एकावेळी एकच गोष्ट बदलत गेले. पहिल्या स्लॉटमध्ये जुनी पट्टी एकटी, ठीक. त्याच जागी नवी एकटी, ठीक. दुसऱ्या स्लॉटमध्ये नवी, लाल ओळी. तिथेच जुनी, तरी लाल ओळी. म्हणजे दोन्ही पट्ट्या चांगल्या होत्या. दोष दुसऱ्या स्लॉटचा होता.

मी पट्टी काढून मोबाइलच्या टॉर्चने आत बघितलं. त्या बारीक खाचेत कुंकवाची पिंजर दबून बसली होती. थोडी हळद, आणि एका टोकाला अक्षतेचा तुकडा. खंडेनवमीला ती जागा रिकामीच होती. बाबांनी वाहिलं ते सरळ तिच्यात पडलं होतं, आणि दिवाळीत मी त्यावरच पट्टी दाबून बसवली होती.

मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी खाली वर्तमानपत्र पसरलं, कॅबिनेट आडवं धरलं आणि कोऱ्या टूथब्रशने खाच साफ करायला लागले. कुंकू कागदावर पडत गेलं. खाच स्वच्छ दिसल्यावर दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि पुन्हा तपासणी लावली. दुपार उलटून गेली. एकही लाल ओळ आली नाही.

मग मी फोटो उघडला. तो अख्खा होता. हार, लेथ, लेथवरचा लाल हात, आणि लेथच्या पत्र्यावर डावीकडे सरकलेलं कुंकू.

आईला हाक मारली. ती पदराला हात पुशीत आली आणि उभ्यानेच फोटो बघत राहिली. मग तिचं लक्ष खाली वर्तमानपत्राकडे गेलं.

"हे कुठलं?"

"बाबांनी खंडेनवमीला वाहिलेलं. आत अडकलं होतं, त्यानेच सगळं बिघडलं होतं."

आई खाली बसली. तिने अनामिका त्या पिंजरीत टेकवली आणि काकूने पुसल्यापासून मोकळ्या असलेल्या कपाळाला लावली.

"ह्यांच्या हातचं आहे," ती म्हणाली, जणू कोणी हटकलंच होतं. मग माझ्याकडे तोंड वर केलं. "बघ गं, मधोमध लागलंय का?"

लागलं नव्हतं. डावीकडे गेलं होतं.

"लागलंय," मी म्हणाले, आणि तेवढं म्हणताना मला रडू फुटलं.