जिना ही जागा नव्हे

गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत. शिंप्यांच्या चार दुकानांमधल्या जिन्यावर, तिसऱ्या पायरीला टेकून, ती सव्वीस वर्षं शर्टांची काजं करत आली. कारागीर येता-जाता तिच्या मांडीवर शर्ट टाकत. कुणी काही सांगत नसे. कॉलरची शिवण बघून कुठल्या दुकानाचा शर्ट ते ती ओळखे.

नवरा गेला आणि तिची बोटंही आखडू लागली. घरी रिकामं बसायची तेवढी तिला धास्ती होती. बाकी कशाचीच उरली नव्हती. लेकीने सरकारी योजनेचा अर्ज आणला. काजाचं मशीन मिळणार होतं. ‘कामाची जागा’ या रकान्यात तिने खरं ते लिहिलं: जिना. योजनेच्या साहेबाने ते खोडलं. जिना ही जागा नव्हे म्हणाला, आणि मशीनबरोबर गावाबाहेरच्या शेडमधला गाळा दिला. माणूस वाईट नव्हता. जिन्यावर नुसत्या पायऱ्या नसतात, एवढं त्याला कुणी शिकवलं नसावं. तिने सही केली. त्या दिवसांत तिला हो काय आणि नाही काय, सारखंच.

मशीन मोठं गुणी. दहा सेकंदांत एक काज. शर्ट मात्र येईनात. शेवटी तिने गल्लीच्या कोपऱ्यावरच्या शिंपी मास्तरांना विचारलं.

“वहिनी, सहा काजांसाठी अर्धा तास कोण चालणार? मी की शर्ट?”

ती हसली नाही. रागावलीही नाही.

वर्षाअखेरीस मशीन बंद दिसलं तर परत जाणार होतं. साहेब तपासणीला आला तेव्हा तिने मास्तरांकडून मागून आणलेल्या कात्रीने एक चिंधी कापली आणि तिच्यावर ओळीने काजं पाडली. चाळीस काजं, बटण एक नाही. साहेबाने ‘उद्योग चालू’ असं लिहिलं आणि तिचं अभिनंदन केलं. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांची कात्री परत द्यायला गल्लीत गेली. मास्तर फोनवर हुज्जत घालत होते. कात्री घेता घेता, तिच्याकडे न बघताच, त्यांनी सवयीने तिच्या हातात एक शर्ट टाकला.

“संध्याकाळपर्यंत.”

ती तिसऱ्या पायरीवर बसली. पिशवीत सुई होतीच. कमरेला गाळ्याची किल्ली टोचत होती, ती काढून तिने बाजूला ठेवली.