जीनमधला बिघाड

"मी हासनू बरं," असं तो प्रत्येक विनोदानंतर सांगायचा. सांगावंच लागायचं, कारण चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. तुम्हीही असे लोक पाहिले असतील; आपण त्यांना घुमे म्हणून मोकळे होतो. शहाद्याकडे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याला आम्ही जीन म्हणतो. तिथे तो फिटर, मी वजनकाट्यावर.

घुमा असला तरी माणूस लाखातला. माझ्या डब्यातली भाकरी न विचारता उचलायचा आणि स्वतःचा ठेचा माझ्यापुढे सरकवायचा. म्हणून तर त्याची मुलगी मी माझ्या मुलासाठी आपणहून मागितली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तो चालू मशीनजवळ उभा राहून म्हणाला, "भाऊ, एक सांगनं शे. जीनमा बिघाड शे."

"मग फिटर कोन शे? कर दुरुस्त," मी म्हणालो.

"दुरुस्त व्हनारं नही."

मी हसलो. तो म्हणाला, "मी बी हासनू बरं."

नात आठ वर्षांची झाली, तेव्हा झोपेत तिचे डोळे अर्धे उघडे राहायचे. वेणी घालायला हात वर जाईना. सुरतेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शरीरात एक जीन असतो, त्याच्या प्रथिनाने दुसरे जीन चालू होतात. स्नायूंत त्याने झोपून राहायचं असतं, हिच्यात तो जागा आहे. आधी चेहरा जातो, मग खांदे. हे घराण्यातून येतं.

सूनबाईने मान खाली घातली. म्हणाली, "माहेरी आबांच्या पेटीत असाच तपासणीचा कागद आहे."

कागद लग्नाच्या आधीचा निघाला. मी तडक त्याच्या दारात गेलो.

"मी तुले सांगेल व्हतं," एवढंच तो बोलला.

सांगितलं होतं, खरंय. पण जन्म कारखान्यात घालवलेला मी जीन म्हटल्यावर काय समजणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून विसरलो असतो. याने केसाने गळा कापला.

महिन्याभराने तो घरी आला. व्याह्याच्या पायावर टोपी ठेवून माफी मागायची, ही आमच्याकडची रीत. त्याचे हात छातीपर्यंत आले, टोपीपर्यंत जाईनात. दोनदा करून पाहिलं. मग मी टोपी काढून घ्यावी म्हणून मान वाकवून उभा राहिला. "याही," त्याने व्याही म्हणून हाक मारली.

मी आत निघून गेलो.

पावसाळ्यात तो ओट्यावर बसल्याबसल्या गेला. आंघोळ घालण्याआधी त्याच्या डोक्यावरची टोपी मी काढली. राग तरी गेला नाही.