डावी म्हणजे पालटून

राजेश्वर मला शेजारी म्हणून मिळाला, त्यात माझी काही चूक नाही. सेलूत जिनिंगकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि मधल्या पत्र्यापलीकडं त्याचं सीएनसीचं. त्याचं मशीन सुरू झालं की माझ्या चहात भुसा पडतो आणि तोंडात शिव्या येतात. दरवाजे, देवघरं, चौकटीवरच्या गणेशपट्ट्या हा त्याचा धंदा. संगणकावर नक्षी काढायची, फळी मशीनवर आवळायची, की फिरतं बिट आपलं आपण कोरत जातं. घर लिंगायताचं, रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळव्यावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तो दुकान उघडत नाही. माणूस हट्टी. बोलणं कमी आणि स्वतःच्या पद्धतीवर श्रद्धा फार.

त्यातली एक पद्धत आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. दोन पानांचा दरवाजा असला की राजेश्वर चित्र फक्त उजव्या पानाचं काढतो. डाव्यासाठी तीच फाईल, नावात तेवढं 'डावं' लिहायचं. मशीनवर घेताना नावात 'डावं' दिसलं की त्यानं ती आरशातल्यासारखी पालटायची. इतक्या वर्षांत एकही जोडी चुकली नाही, आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो.

त्याची एकुलती एक मुलगी शिवरंजनी नांदेडला शिकते आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवते. पोर डावरी. लहानपणी जेवताना तिचा डावा हात ताटात गेला की राजेश्वर तो हळूच बाजूला सारायचा. मारलं कधी नाही, रागावलासुद्धा नाही, पण घासाघासाला सारायचा. ती जेवायला उजव्या हातानं शिकली, बाकी सगळं डाव्यानं करत राहिली. डाव्या हाताची गिटार आपल्याकडं दुकानात मिळत नाही. ती मैत्रिणीच्या उजव्या गिटारीला उलट्या तारा लावून वाजवायची. त्यात आवाजाची बटणं नेमकी तिच्या हाताखाली यायची, धक्का लागायचा आणि भर गाण्यात गिटार मुकी व्हायची.

रविवारी नांदेडला तिच्या ग्रुपचा पहिला मोठा कार्यक्रम होता. एका गाण्यातला मधला तुकडा तिचा एकटीचा. मागच्या वेळी तिथंच गिटार बंद पडली होती आणि लोक हसले होते. "हातात बसणारी गिटार मिळाली तर वाजवीन, न्हाई तर दुसऱ्याला घ्या," असं ती सोबतच्यांना सांगून आली होती. दुसरा तयारच बसला होता. राजेश्वरनं हे ऐकलं आणि म्हणाला, "मी काढून देतो की." झालं, विषय संपला.

लाकडानं मात्र त्याला रडवलं. सागवान जड, पोरीचा खांदा निघाला असता. हलकं, रुंद, पूर्ण सुकलेलं लाकूड हवं होतं. शेवटी पूर्णेच्या एका ढोलकी करणाऱ्याकडं शिवणीच्या झाडाची फळी सापडली. त्याच्या बापानं सुकायला ठेवलेली, टिचकी मारली की खणखणीत वाजणारी. "एवढी एकच हाय. बिघडली तर माझ्याकडं येऊ नका," असं त्यानं देतानाच बजावलं. गिटारीची दांडी तयार मागवली, ती कुरिअरनं आली. तारांखाली बसून त्यांचा आवाज पकडणारी कॉइलं मी गुंडाळली. केसाहून बारीक तार, सारखी तुटायची. पंपाच्या मोटारी गुंडाळणाऱ्या माणसाला हे काम देणाऱ्याचं डोकं तपासायला हवं, असं मी शिवरंजनीला म्हणालो. ती म्हणाली, "काका, तुमच्याबिगर कोन करणार?" मी पुन्हा तार ओढली.

चित्र तिनं स्वतः काढलं आणि फाईल बापाच्या संगणकात टाकली. नाव दिलं, 'गिटार डावी'.

कार्यक्रमाच्या आधीच्या सोमवारी सकाळी फळी मशीनवर चढली. आधी आतले खड्डे कोरायचे, म्हणजे दांडी बसायचा खाचा, कॉइलांचे खड्डे, बटणांचा खड्डा. बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी. राजेश्वरनं मधली रेघ दोनदा तपासली, बिटाचं टोक रेघेवर आणलं, आणि मशीनला हात लावून नमस्कार केला. मला वीज जायची धास्ती होती. मधेच गेली तर मशीन आपली जागा विसरतं. मी मेनबोर्डाशी उभा राहिलो, जसा काही मी उभा राहिलो म्हणून वीज थांबणार होती!

दांडीचा खाचा सुरेख उतरला. कॉइलांचे खड्डे झाले. बिट बटणांच्या खड्ड्याकडं वळलं तेवढ्यात शिवरंजनी चहा घेऊन आली. ती बघत राहिली. मग किटली खाली ठेवून तिनं हवेतच गिटार धरली, डाव्या हातानं तारा छेडल्यासारखं केलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"अप्पा, थांबवा. अप्पा!"

राजेश्वरनं लाल बटण दाबलं. "काय झालं?"

"बटनाचा खड्डा कुनीकडं पडायलाय?"

"डावीला पडतो तिकडं."

"ही उजवी हाय, अप्पा."

तो हसला. अगदी निश्चिंत हसला. "न्हाई बाई. पालटून घेतलीय मी. तू नावात डावी लिवलंस की."

"मी काढलीच डावी होती. डावी हाय म्हनून डावी लिवलं."

राजेश्वर पडद्याकडं बघायचा, मग फळीकडं, मग पुन्हा पडद्याकडं. मला त्याचा असा संताप आला की हातातला टेस्टर त्याच्या अंगावर फेकावा. शिवरंजनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"तुमच्याकडं डावं म्हंजे उजव्याचं पालटलेलंच असतंय का अप्पा? त्याचं आपलं असं काईच नसतंय?"

आणि ती घरी निघून गेली. किटली तिथंच राहिली.

"इचारायचं तरी होतं एकदा!" मी म्हणालो.

"दरवाज्याला कदी इचारलं न्हाई मी."

"ती दरवाजा हाय का?"

मी पूर्णेला फोन लावला. ढोलकीवाल्यानं "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणून फोन ठेवला. गुरुवारच्या गाडीनं शिवरंजनी नांदेडला जाणार होती. आता दुसरं लाकूड कुठून आणायचं आणि ते सुकवायचं कधी?

राजेश्वर स्टुलावर बसून राहिला. मी चार वेळा माझ्या दुकानात गेलो आणि परत आलो. शेवटी आलो तेव्हा त्यानं फळीचे क्लॅम्प सोडले होते आणि फळी पालथी घातली होती. खड्डे खाली गेले, कोरी बाजू वर.

"बाहेरचा आकार अजून कापला न्हाई," तो म्हणाला. "ह्या बाजूनं तिची फाईल जशीच्या तशी घालतो. न पालटता."

"अन् खालचे खड्डे?"

"बुजवतो. ह्याच फळीचा उरलेला तुकडा हाय."

ऐकायला सोपं, पण नवे खड्डे जुन्यांच्या बरोबर पाठीवर येणार होते. दोन्हींच्या मधे लाकडाचा पातळ पापुद्रा उरणार. बुजवलेले तुकडे जरा सैल बसले तर बिट तो पापुद्रा फोडून आरपार जाणार, आणि मग ती फळी चुलीत घालायच्या लायकीची. त्यानं दिवसभर तुकडे कानशीनं घासले, बसवून बघितले, पुन्हा घासले. फेविकॉल भरून ते ठोकले आणि शिकंज्यात आवळून ठेवले. दुसरं कुठलं काम त्यानं हातात घेतलं नाही. दरवाजा न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मीच पिटाळलं.

मंगळवारी शिवरंजनी आली, पण दारातच उभी राहिली. बापाशी बोलत नव्हती. राजेश्वरनं पडदा तिच्याकडं फिरवला.

"बघून घे. हात लावला न्हाई मी तुझ्या चित्राला."

तिनं पडदा बघितला, फळी बघितली, पुन्हा हवेत गिटार धरून बघितली. मान हलवली.

"चालू करू?"

"करा."

बिट लाकडात शिरलं. दांडीचा खाचा एकेका पापुद्र्यानं खोल जाऊ लागला. राजेश्वरचा हात लाल बटणावर. माझे कान आवाजाकडं. मोटारीचा आवाज ऐकून दोष सांगणारा मी, पण त्या वेळी माझ्याच छातीचा आवाज जास्त येत होता. कॉइलच्या खड्ड्यात बिट तळाशी गेलं आणि आवाज एकदम बदलला, पोकळ झाला. शिवरंजनीनं दाराची चौकट घट्ट धरली. त्यातच पंखा मंदावला. व्होल्टेज पडत होतं. मी बोर्डाकडं धावलो, पण करण्यासारखं काय होतं? पंखा क्षणभर तसाच कण्हत फिरला आणि मग सावरला. मशीन थांबलं नव्हतं. बिट वर आलं. राजेश्वरनं खड्ड्यातला भुसा फुंकला आणि तळावर बोट दाबलं. तळ हलला नाही.

बटणांचा खड्डा या वेळी पडायचा तिथंच पडला. मग बाहेरचा आकार कापला गेला आणि मशीन बंद झालं. इतकं शांत वाटलं की रस्त्यावरून गेलेली रिक्षासुद्धा मला आवडली.

शिवरंजनीनं ते धूड उचललं, पोटाशी धरलं, डावा हात वरून टाकला. कोपर टेकायचं तिथं टेकलं. बटणं वाटेतून बाजूला होती. तिनं हात पुन्हा पुन्हा खालीवर करून बघितला. अजून घासायचं होतं, रंग द्यायचा होता, माझी कॉइलं बसायची होती, पण रविवारी तीच वाजवणार हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

राजेश्वर हात पुसत तिच्यासमोर आला.

"मी रोज सकाळी पूजेला बसतो," तो म्हणाला. "इष्टलिंग कुन्या हातावर घेतो?"

तिला प्रश्न कळला नाही. "डाव्या."

"डाव्याच. माझ्या बापानं त्याच हातावर घेतलं, आज्यानंबी. देव ह्या तळव्यावर घ्यायचा, अन् उठून ताटावर आलो की तुझा हाच हात बाजूला सारायचा. मला कदी काई वाटलं न्हाई बग, शिवा." त्यानं आपल्या डाव्या तळव्याकडं बघितलं. "काल वाटलं."

मी पत्र्याकडं तोंड फिरवलं, पण बघायचं ते दिसलंच. शिवरंजनीनं भुशानं भरलेला आपला डावा हात पुढं केला. राजेश्वरनं आपला डावा तळवा त्याच्याखाली धरला, पूजेत धरतो तसा छातीपाशी, आणि तिचा हात तसाच तळव्यावर घेऊन तो बराच वेळ उभा राहिला.